चुडाव्याचा फलाट आणि दोन हजारांचा हेडफोन

हा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही, किंवा ज्यांच्या इअरफोनची एक बाजू नेमकी आजच बंद पडली, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. जिथे बोलताना अडखळलो ते तेवढं काढून टाकलं.

आजचा विषय हेडफोन. पण "टॉप पाच हेडफोन" असला हा भाग नाही. आज इतिहास सांगायचाय. आणि तो का सांगायचाय, ते आधी सांगतो.

माझा आत्येभाऊ चुडाव्याला राहतो. परभणी जिल्हा, पूर्णा तालुका. पूर्ण्याहून नांदेडला जाताना मध्ये हे स्टेशन लागतं, पुढे लिंबगाव, मग नांदेड. पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय. सकाळी मैदान, मग पॅसेंजरने नांदेडला क्लास, संध्याकाळी परत. जाता-येता गाडीत मोबाईलवर चालू घडामोडी आणि गणिताची लेक्चर्स. दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला, "दादा, सोयाबीन काढायला गेल्तो, त्याचे दोन हजार बाजूला ठेवलेत. चांगला हेडफोन सांग. लई भारी आवाजाचा."

मी म्हटलं, "आत्ताच्याला काय झालं?"

म्हणाला, "ह्याचा आवाज पुरत नाही. गाडीत फुल करावा लागतो. अन् रात्री झोपताना कानात शिट्टी वाजती."

मंडळी, हे ऐकून मी जरा गप्पच झालो. भरतीच्या मेडिकलमध्ये कानही तपासतात. ज्या अभ्यासासाठी हा पोरगा कानात वायर घालतोय, तोच अभ्यास त्याचा कान खातोय की काय? आणि दुसरं म्हणजे दोन हजार रुपये. शहरात बसून आपण "मिड रेंज" म्हणतो, पण त्यामागे किती दिवसांची मजुरी आहे ते त्याला विचारा.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगायला लाज वाटते. तीन वर्षांपूर्वी मी अठ्ठावीसशेचा एक मोठा हेडफोन घेतला होता. खोक्यावर काय काय लिहिलं होतं! चाळीस मिलिमीटरचा ड्रायव्हर, एक्स्ट्रा बेस, वगैरे वगैरे. चाळीस मिनिटांत कानशिलं दुखायला लागायची. तो आजही कपाटावर आहे. म्हणजे सल्ला द्यायचा माझा अधिकार तसा शून्यच. म्हणून मी वाचायला बसलो. आणि लक्षात आलं की हा प्रश्न एकशे चाळीस वर्षं जुना आहे, आणि त्याचं उत्तर दर वेळी साधारण एकाच दिशेने गेलंय.

खांद्यावरचं ओझं

सुरुवात गाण्यापासून झालीच नाही. सुरुवात झाली नोकरीपासून. १८८० च्या दशकात अमेरिकेत टेलिफोन एक्स्चेंज पसरत होते. ऑपरेटरला दोन्ही हात मोकळे हवेत, कारण हातांनी वायरी जोडायच्या. मग एझरा गिलिलँड नावाच्या माणसाने एक सांगाडा बनवला. तो खांद्यावर चढवायचा, एक भोंगा तोंडासमोर आणि एक ऐकायचा तुकडा कानाशी. वजन काही किलो! दिवसभर ते अंगावर घेऊन बसायचं.

त्याच काळात तिकडे पॅरिसमध्ये लोक गाणं ऐकायला रांग लावत होते. १८८१ च्या वीज प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या इंजिनिअरने ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे माईक लावले आणि दूरच्या दालनात लोकांच्या हातात दोन-दोन रिसीव्हर दिले, एक डाव्या कानाला, एक उजव्या. गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे चालला की आवाजही चालायचा. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो, तो हा. लंडनला १८९५ मध्ये अशीच सेवा सुरू झाली, इलेक्ट्रोफोन. घरी बसून नाटक ऐकायचं, वर्षाची वर्गणी पाच पौंड. पण रिसीव्हर हातात धरून धरून हात भरून यायचा.

म्हणजे बघा, आवाज पोचला होता. अडचण होती ती धरायची, पेलायची, तासभर सहन करायची.

याचं फार सुंदर उत्तर १८९१ मध्येच एका फ्रेंच माणसाने दिलं होतं. अर्नेस्ट मर्काडिए. त्याने कानाच्या आत बसणाऱ्या छोट्या रिसीव्हरचं पेटंट घेतलं. वजन ५० ग्रॅमच्या आत, आणि टोकाला रबराची टोपी. रबर का? तर कानाला खुपू नये आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये. आज तुमच्या इअरबडला जी सिलिकॉनची टोपी असते ना, तिचा हा पणजोबा. ही टोपी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचंय.

स्वयंपाकघरातला कारखाना

आता गंमत ऐका. आजच्या हेडफोनचं रूप, म्हणजे डोक्यावर पट्टी आणि दोन कानांवर दोन वाट्या, हे आणलं नॅथॅनियल बाल्डविन याने, १९१० मध्ये, अमेरिकेतल्या युटा राज्यात. असं सांगतात की त्याला भल्यामोठ्या प्रार्थनागृहात प्रवचन नीट ऐकू यायचं नाही, त्यातून हा नाद लागला. आपल्याकडे सप्ताहात मंडपाच्या अगदी मागे बसलेल्या माणसाला ही तक्रार समजेल.

बाल्डविनने नमुना थेट अमेरिकी नौदलाला पाठवून दिला. नौदलवाल्यांनी तपासला, तर आवाज त्यांच्याकडच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट! त्यांनी १०० नग मागवले. तर हा म्हणतो, एका वेळी फक्त १० देऊ शकतो, कारण मी ते घरच्या स्वयंपाकघरात बनवतो.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. नौदलाने खोका बघितला नाही, नाव बघितलं नाही. कानाला लावला, आधीच्याशी ताडून पाहिला आणि ठरवलं.

मुंबईत आवाज आला, चुडाव्यात नाही

आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ मध्ये प्रसारण सुरू केलं. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. दीड किलोवॅटचं यंत्र, नीट ऐकू येईल असा टप्पा साधारण ४८ किलोमीटर. रेडिओ ठेवायला वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागायचा. त्या काळचा सगळ्यात स्वस्त रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला ना बॅटरी, ना वीज, म्हणून त्याचा आवाज इतका बारीक की हेडफोनशिवाय ऐकूच यायचा नाही. म्हणजे हेडफोन ही तेव्हा हौस नव्हती. गरिबाचा रेडिओ हेडफोनवर आणि पैसेवाल्याचा भोंग्यावर! आज उलटं झालंय, नाही का?

चुडावा तिथून चारशे किलोमीटरहून लांब, आणि निजामाच्या राज्यात. हैदराबादचं रेडिओ केंद्र आलं ते पुढे १९३० च्या दशकात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा भाग तिकडेच होता. त्यामुळे आपल्या आज्या-पणज्यांच्या आठवणीत हेडफोन नाही. त्यांच्या आठवणीत आहे तो ट्रान्झिस्टर, पारावर ठेवलेला, सगळ्यांनी मिळून ऐकायचा.

वजन कमी करणारे लोक

पुढची पन्नास वर्षं पटपट सांगतो. १९३७ मध्ये जर्मनीत बेयर कंपनीने डीटी ४८ आणला. त्यात स्पीकरसारखीच गुंडाळी आणि पडदा होता. आजच्या बहुतेक हेडफोनच्या पोटात तेच तंत्र आहे. १९५८ मध्ये अमेरिकेत मिल्वॉकीच्या जॉन कॉसने, जो स्वतः जॅझ वाजवायचा, खास संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन काढला. खरं तर तो विकायला निघाला होता एक रेकॉर्ड प्लेअर. हेडफोन सोबतीला होता. लोक प्लेअर सोडून हेडफोनवरच तुटून पडले.

मग १९६८. सेनहायझरचा एचडी ४१४. हा माझा आवडता. तोवर सगळ्यांना वाटायचं की चांगला आवाज म्हणजे कान गच्च बंद करणाऱ्या जाड वाट्या. यांनी उलटं केलं. पाठीमागून उघडा, कानावर नुसती पिवळ्या स्पंजची चकती, वजन साधारण १३५ ग्रॅम. हवा खेळती, कानाला घाम नाही, आवाजही मोकळा. लाखांनी नाही, कोटीच्या घरात विकला गेला.

आणि १ जुलै १९७९ ला जपानमध्ये सोनीचा वॉकमन, किंमत ३३,००० येन. सगळे त्या कॅसेटच्या डबीबद्दल बोलतात. पण तेव्हाचे नेहमीचे हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे असायचे. ते घालून कोण रस्त्याने फिरणार? सोनीने सोबत दिलेला हेडफोन ५० ग्रॅमच्या आसपास होता. डबी खिशात मावली म्हणून नाही, तर हेडफोन डोक्याला जाणवेना म्हणून वॉकमन चालला, असं मला वाटतं. आपल्याकडे तो आला आखाती देशातून सुट्टीवर आलेल्या माणसांच्या बॅगेतून. मग कुठल्याही कंपनीचा असो, नाव पडलं वॉकमनच.

१९८४ मध्ये कॉसने पोर्टा प्रो काढला. मधल्या किमतीचा, घडी होणारा. त्यात कानाच्या वर, कानशिलाशी एक छोटी गादी दिली आणि एक सरकवायची खूण. ती सरकवली की दाब कानावरून उठून कानशिलावर जातो. एवढीशी सोय! तो हेडफोन चाळीस वर्षांनंतरही विकतात.

वायर म्हणजे अँटेना

आता आपल्या पिढीकडे येऊ. एफएमवाले साधे फोन आठवतात? इअरफोन खोचल्याशिवाय रेडिओ लागायचाच नाही. कारण वायर हीच अँटेना. शेतात बांधावर बसून वायर हवेत धरलेला माणूस मी पाहिलाय! मग मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं आली. कार्डाबरोबर शंभर रुपयांचा इअरफोन, महिनाभरात एक कान बंद. तो पिरगाळून, एका ठरावीक कोनात धरून ऐकायची कला आपल्या सगळ्यांना येते.

आणि मग २०१६ चा सप्टेंबर. ५ तारखेला जिओ सुरू झालं, ७ तारखेला ॲपलने हेडफोनच्या छिद्राशिवायचा आयफोन ७ दाखवला. दोन दिवसांचं अंतर. एकाने खेड्यातल्या पोराला दिवसभर पुरेल एवढा डेटा दिला आणि दुसऱ्याने सगळ्या बाजाराला वायरलेसकडे ढकललं. त्याच सुमारास आपल्याकडे बोट कंपनी उभी राहिली. परदेशी नावांच्या खाली, शंभरच्या इअरफोनच्या वर, हजार-दोन हजारांचा एक मोठा बाजार तयार झाला. माझा आत्येभाऊ नेमका त्याच बाजारात उभा आहे.

महाग म्हणजे चांगला?

इथे प्रश्न येतो, ओळखायचं कसं? दोन कामं सांगतो, दोन्ही खरी आणि वाचण्यासारखी.

हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ पासून पुढे बरेच प्रयोग केले. लोकांना वेगवेगळ्या हेडफोनचे आवाज ऐकवले, पण सगळे एकाच हेडफोनमधून, नक्कल करून. का? कारण हाताला महाग लागला, वजनदार लागला, नाव दिसलं, की माणसाचा कान फितूर होतो. नाव आणि स्पर्श काढून टाकल्यावर बहुतेकांची पसंती एकमेकांच्या जवळ आली. चांगल्या खोलीत चांगला स्पीकर जसा वाजतो, साधारण तसा आवाज लोकांना आवडला.

दुसरं काम २०१७ चं, येरून ब्रेबार्ट यांचं. त्यांनी २८३ हेडफोनची मोजमापं आणि किमती ताडून पाहिल्या. निष्कर्ष असा की आवाजाच्या मोजमापाचा आणि किमतीचा काही संबंध दिसत नाही! महागात तुम्ही नाव, बांधणी, नॉइज कॅन्सलिंग, दिसणं यांचे पैसे देता. ते वाईट नाही. पण "महाग आहे म्हणजे आवाज चांगला" हे गणित चुकतं.

आणि खोक्यावरचं "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ"? ते जवळजवळ सगळ्यांवर असतं. त्या टप्प्यात कुठला सूर दबलाय, कुठला फुगलाय, हे तिथे कुणी लिहीत नाही. म्हणजे "रस्ता परभणी ते नांदेड" असं लिहायचं आणि खड्ड्यांचं नाव काढायचं नाही.

मग कान कसा लावायचा? मिरजेला जा. तिथले तंबोरे देशभर जातात. कारागीर घोडीवर तार टेकते तिथे घासून, दोरा सरकवून जवारी लावतो. यंत्र नाही, कान. तंबोऱ्याचा आवाज म्हणजे एका सुरात अनेक बारीक सूर गुंफलेले. तो हेडफोनवर ऐकून बघा. नुसतं "घूं" आलं तर वरचे बारीक सूर गेले. कर्कश किणकिण आली तर ट्रेबल फुगवलाय. दुसरी परीक्षा ढोलकीची. धूम आणि चाट वेगवेगळी कळली पाहिजे. फक्त धूमच ऐकू येत असेल तर तोच तो एक्स्ट्रा बेस. तिसरी टाळ. टाळ टोचता कामा नये. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची, माणसाचं बोलणं. ज्याला लेक्चर ऐकायचंय त्याने लेक्चरच लावून बघावं. दोन हेडफोन ताडताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जो मोठ्याने वाजतो तो चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे.

पुन्हा गाडीत

अमर बोस यांची गोष्ट सांगायची राहिली. १९७८ मध्ये ते झुरिकहून बोस्टनला विमानाने चालले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनवर इंजिनच्या घरघरीपुढे काही ऐकू येईना. तिथेच बसल्या बसल्या त्यांनी गणित मांडलं, की घरघरीची उलटी लहर तयार केली तर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतील. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी असा हेडसेट बाजारात आला आणि २००० मध्ये सर्वसामान्यांसाठी. बोस यांनी आवाज वाढवला नाही. बाहेरचा गोंगाट कमी केला.

आत्येभावाची अडचण नेमकी हीच होती. उघड्या खिडक्यांची पॅसेंजर, रुळांचा खडखडाट, आणि त्याच्यावर मात करायला फुल आवाज. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे फक्त ४ तास. तो दिवसाला दीड-दोन तास ऐकत होता.

मी त्याला म्हटलं, तुला भारी आवाज नको, तुला गोंगाट बंद करणारं काहीतरी हवंय. आम्ही नांदेडला एका दुकानात गेलो. त्याला डोक्यावरचा मोठाच हवा होता, "भारी दिसतो" म्हणून. मी म्हटलं, "घाल, अन् वीस मिनिटं काढू नको." दुकानदार काका जरा वैतागले. "घ्यायचाय का नुसता बघायचाय?" मी म्हटलं, "काका, घ्यायचाय, म्हणूनच बघतोय." बाराव्या मिनिटाला त्याने तो काढला. कान गरम झाले होते. आणि हे दिवाळीतलं, मंडळी. मे महिन्यात मराठवाड्यात बेचाळीस डिग्रीला ती रेक्झिनची गादी कानावर काय करेल? चष्मा असेल तर दांडीवर दाब येतो तो वेगळाच.

शेवटी घेतला वायरवाला, कानात बसणारा. अकराशे रुपये. सोबत तीन मापांच्या सिलिकॉनच्या टोप्या. सगळ्यात जास्त वेळ आम्ही त्या टोप्यांवरच घालवला. मधल्या मापाची टोपी उजव्या कानाला बसली, डाव्याला एक माप मोठी लागली. दोन कान सारखे नसतात, हे त्यालाही नवीन होतं आणि मलाही. नीट बसली की बोटं न घालता बाहेरचा आवाज दबतो आणि बेस आपोआप भरतो. बसली नाही तर पाच हजारांचा असला तरी पत्र्यासारखा वाजतो. मर्काडिएची १८९१ ची टोपी ती हीच.

एक सूचना मात्र दिली. फलाटावर आणि रूळ ओलांडताना दोन्ही कान मोकळे. तिथे गोंगाट ऐकू आलाच पाहिजे.

परवा फोन आला. मी विचारलं, आवाज किती ठेवतोस? म्हणाला, "निम्म्याला येतंय सगळं." शिट्टीचं विचारलं, तर म्हणाला, "कमी झाली, पण कधी कधी येती." मी त्याला कानाच्या डॉक्टरला दाखवून घे म्हटलंय. उरलेल्या नऊशेपैकी काही त्यात जातील. हेडफोन बदलता येतो, मंडळी. कान मिळतो तो एकदाच.

तर आज हा भाग ऐकताना तुमचा आवाज किती टक्क्यांवर आहे, ते एकदा बघा. आणि तासभर झाला असेल तर काढून ठेवा, आम्हाला राग येणार नाही. भेटूया पुढच्या भागात.